मॅल मेनिंगा: खेळाडू ते प्रशिक्षक – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मॅल मेनिंगा नेमका कोण?

ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यातून आलेला रग्बी लीगचा खेळाडू आणि पुढे प्रशिक्षक. जन्म ८ जुलै १९६०चा, उसाच्या पट्ट्यातल्या बंडाबर्ग गावचा. खेळायचा सेंटरला, म्हणजे मैदानाच्या मधल्या पट्ट्यात चेंडू घेऊन पळणाऱ्याच्या जागी. अंगापिंडाने इतका थोराड, की त्या काळी सेंटरच्या जागी असा माणूस सहसा दिसायचा नाही. वर पळायचाही जोरात, आणि गोलकिकही स्वतःच मारायचा.

१९८२, १९८६, १९९० आणि १९९४ असे ऑस्ट्रेलियाचे चार ‘कांगारू’ दौरे (देशाच्या संघाचे युरोपचे दौरे) त्याने केले, त्यातले शेवटचे दोन कर्णधार म्हणून. प्रशिक्षक झाल्यावर क्वीन्सलँडला राज्याराज्यांतल्या लढतीच्या ओळीने आठ मालिका जिंकून दिल्या आणि ऑस्ट्रेलियाला दोन विश्वचषक. दोन्ही भूमिकांत एवढं मिळवलेली माणसं या खेळात फार थोडी आहेत. माझ्या लेखी मात्र या कारकिर्दीतला सगळ्यात समजून घेण्यासारखा भाग म्हणजे १९९७ ते २००१ ही पाच वर्षं, जेव्हा त्याच्या हाती एकही करंडक लागला नाही. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे.

रग्बी लीग म्हणजे आपल्याकडे मुंबईत खेळतात तेच रग्बी का?

नाही. बॉम्बे जिमखान्यावर वर्षानुवर्षं जे खेळलं जातं ते रग्बी युनियन. लीग हा त्यातून फुटून निघालेला वेगळा खेळ आहे. उत्तर इंग्लंडमधल्या क्लबांत खाणकामगार आणि गिरणीकामगार खेळायचे. शनिवारी सामना असला की त्यांचा कामाचा खाडा व्हायचा आणि मजुरी बुडायची. ती भरून द्यावी एवढीच मागणी होती. वरच्यांनी ती धुडकावली, तेव्हा २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात जमून या क्लबांनी वेगळी चूल मांडली. पुढे नियमही बदलत गेले.

आज लीगमध्ये एका बाजूला १३ खेळाडू असतात आणि सामना ८० मिनिटांचा. चेंडू हातात घेऊन पुढे पळायचं, पण पास मात्र मागेच द्यायचा. ज्याच्या हातात चेंडू आहे त्याला समोरच्यांनी पाडलं की तो उठतो, पायाने चेंडू मागे सरकवतो आणि डाव पुन्हा सुरू होतो. असं सहा वेळा पाडलं गेलं की चेंडू दुसऱ्या संघाकडे. म्हणून पाचव्या टॅकलनंतर बहुतेक वेळा चेंडू लांब मारून टाकतात. समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवला की तो ट्राय. ट्रायचे ४ गुण, त्यानंतरच्या किकचे २, पेनल्टीचे २ आणि ड्रॉप गोलचा (चालू खेळात चेंडू टप्पा घेताना मारलेल्या किकचा) १. कबड्डी बघत मोठं झालेल्या डोळ्यांना हा खेळ लवकर उमगतो: पकड, पाड, हलू देऊ नको, आणि पुन्हा पहिल्यापासून.

मेनिंगाच्या घराण्याचा उल्लेख एवढा का होतो?

कारण त्याचे पूर्वज स्वखुशीने ऑस्ट्रेलियात आलेले नव्हते, किमान त्यांच्यासारखे हजारो तरी नव्हते. १८६३ ते १९०४ या काळात क्वीन्सलँडच्या उसाच्या मळ्यांसाठी आजच्या वानुआतू आणि सॉलोमन बेटांवरून सुमारे ६२,००० मजुरांची आयात झाली. काही करारावर आले, अनेकांना फसवून किंवा उचलून जहाजात घातलं गेलं. गिरमिटिया मजुरांची कहाणी ज्यांना माहीत आहे त्यांना हे चित्र अनोळखी वाटणार नाही. पुढे १९०१च्या कायद्याने त्यातल्या बहुतेकांना परत पाठवण्यात आलं. जे राहिले त्यांचे वंशज म्हणजे साउथ सी आयलंडर समाज. मेनिंगा त्या समाजाचा.

या समाजाला ऑस्ट्रेलियाच्या केंद्र सरकारने वेगळा समूह म्हणून मान्यता दिली ती १९९४मध्ये. त्याच वर्षी त्यांचाच एक माणूस देशाचा कर्णधार म्हणून युरोपच्या दौऱ्यावर गेला होता. ही गोष्ट मला त्याच्या कुठल्याही करंडकाहून मोठी वाटते.

तो पोलीस होता हे खरं का?

खरं. शाळेनंतर तो क्वीन्सलँड पोलीस दलात प्रशिक्षणार्थी म्हणून भरती झाला. तिथे प्रशिक्षण देणाऱ्यांत वेन बेनेट होता, जो पुढे या खेळातला सगळ्यात नावाजलेला प्रशिक्षक ठरला. बेनेटने हा पोरगा हेरला आणि ब्रिस्बेनच्या साउथ्स क्लबकडे वळवला. साउथ्सने १९८१मध्ये आणि बेनेट प्रशिक्षक असताना १९८५मध्ये ब्रिस्बेनची स्पर्धा जिंकली. दोन्ही वेळा मेनिंगा संघात होता. कमी बोलायचं, आणि संघाबाहेरचा माणूस कितीही ओरडला तरी आपल्या पोरांची बाजू सोडायची नाही, ही बेनेटची रीत मेनिंगाच्या प्रशिक्षणात पुढे स्पष्ट दिसते.

स्टेट ऑफ ओरिजिन म्हणजे काय, आणि त्यात मेनिंगाचं नाव पहिल्यापासून कसं?

क्वीन्सलँड आणि न्यू साउथ वेल्स ही दोन राज्यं आधीपासून एकमेकांशी खेळत, पण खेळाडू ज्या राज्यातल्या क्लबकडे असेल त्या राज्याकडून उतरायचा. पैसा होता सिडनीच्या क्लबांकडे, कारण न्यू साउथ वेल्समध्ये क्लबांना जुगाराची यंत्रं ठेवायला परवानगी होती. क्वीन्सलँडचे चांगले खेळाडू सिडनीला जायचे आणि मग निळी जर्सी घालून आपल्याच राज्याला हरवायचे. वर्षानुवर्षं हे चाललं. शेवटी १९८०मध्ये एक सामना वेगळ्या अटीवर ठेवला: ज्याने जिथे खेळाला सुरुवात केली त्याने तिथून खेळायचं.

तो सामना झाला ८ जुलै १९८० रोजी, ब्रिस्बेनच्या लँग पार्कवर. मेनिंगाचा तो विसावा वाढदिवस. सिडनीत कारकीर्द घालवलेला आर्थर बीटसन, वय ३५, पहिल्यांदाच क्वीन्सलँडची मरून जर्सी घालून कर्णधार म्हणून मैदानात आला. क्वीन्सलँड २०-१०ने जिंकलं. मेनिंगाने सात किक मारल्या, सातही गोलमध्ये. म्हणजे वीसपैकी चौदा गुण एकट्या वाढदिवसाच्या पोराचे.

इंग्लंडमध्ये तो कुठे खेळला?

सेंट हेलन्सकडे, १९८४-८५चा एकच हंगाम. तेवढ्यात लँकेशायर कप आणि प्रीमियरशिप अशा दोन अंतिम सामन्यांत त्याने प्रत्येकी दोन ट्राय केले, आणि दोन्ही सेंट हेलन्सने जिंकले. तिथले जुने लोक आजही त्या हंगामाबद्दल बोलतात.

कॅनबेरा रेडर्सकडे काय घडलं?

१९८६ला तो कॅनबेराला गेला. हा तेव्हा नवखा क्लब, राजधानीतला. सरकारी कार्यालयांच्या शहरात, हिवाळ्याच्या कडाक्याच्या थंडीत खेळणारा. देशातल्या मुख्य क्लब स्पर्धेत दबदबा सगळा सिडनीच्या क्लबांचा.

मग हाताचं दुखणं सुरू झालं. १९८७-८८मध्ये त्याचा डावा हात चार वेळा मोडला. जुळायचा, तो परत यायचा, पुन्हा मोडायचा. चौथ्यांदा मोडल्यावर कारकीर्द संपली असं म्हणणारे बरेच होते. तो परतला तो हाताला जाडजूड संरक्षक पट्टा बांधून, आणि पुढच्या फोटोंत तो पट्टा त्याची ओळखच झाला.

१९८९च्या अंतिम सामन्यात कॅनबेराने बालमेनला जादा वेळेत १९-१४ने हरवलं. सिडनीबाहेरच्या क्लबने ही स्पर्धा जिंकण्याची ती पहिलीच वेळ. पुढच्या वर्षी पेनरिथला १८-१४ने हरवून पुन्हा विजेतेपद. १९९४मध्ये कँटरबरीला ३६-१२. तो त्याचा क्लबसाठीचा शेवटचा सामना होता, आणि त्यात समोरच्यांचा पास मधेच पकडून त्याने स्वतः ट्राय केला. कॅनबेराच्या स्टेडियममधल्या स्टँडला आज त्याचं नाव आहे, आणि क्लबच्या वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूला मिळतं ते मॅल मेनिंगा पदक.

खेळाडू म्हणून त्याचा एकच प्रसंग पाहायचा असेल तर कोणता?

१० नोव्हेंबर १९९०, ओल्ड ट्रॅफर्ड, ग्रेट ब्रिटनविरुद्ध दुसरी कसोटी.

पार्श्वभूमी अशी: १९८२ आणि १९८६च्या दौऱ्यांत ऑस्ट्रेलिया एकही सामना हरला नव्हता. १९९०ला मेनिंगा कर्णधार, आणि वेम्ब्लीवरची पहिलीच कसोटी १२-१९ने गेली. दुसरी गेली की मालिका गेली. ओल्ड ट्रॅफर्डवर शेवटच्या टप्प्यात ऑस्ट्रेलिया पुढे असताना संघातल्या रिकी स्टुअर्टचा पास ब्रिटनच्या पॉल लॉफलिनने मधेच पकडला आणि थेट ट्राय केला. १०-१०. ट्रायनंतरची किक चुकली म्हणून बरोबरी तरी राहिली.

आणि मग वेळ संपल्यानंतरच्या जादा मिनिटांत तोच स्टुअर्ट आपल्याच अर्ध्यात चेंडू घेतो, पास देण्याची हूल दाखवतो आणि फटीतून सुटतो. समोर सगळं मोकळं रान, पण त्याचा वेग कमी पडू लागतो. डाव्या-उजव्या बाजूने बचाव करणारे जवळ येतात. इतक्यात पडद्याच्या एका कोपऱ्यातून मेनिंगा येताना दिसतो. तीस वर्षांचा, तेवढ्या वजनाचा माणूस, ऐंशी मिनिटं खेळून झाल्यावर. वाटेत ब्रिटनच्या एका खेळाडूला खांद्याने बाजूला सारतो (तो धक्का नियमात बसत होता का यावर इंग्लंडमध्ये अजून वाद घालतात), पास घेतो आणि रेषेपलीकडे झेपावतो. १४-१०. तिसरी कसोटी ऑस्ट्रेलियाने १४-०ने घेतली.

स्टुअर्टने हातचा सामना घालवला होता, आणि त्याच स्टुअर्टच्या मागे कर्णधार मैदानभर धावत गेला. मेनिंगा माणूस म्हणून कसा आहे, हे त्या धावेत मला दिसतं. दोन वर्षांनी वेम्ब्लीवरच १९९२चा विश्वचषक अंतिम सामना त्याच्या नेतृत्वाखाली ऑस्ट्रेलियाने १०-६ने जिंकला, तेही याच ग्रेट ब्रिटनविरुद्ध.

एवढा मोठा खेळाडू. मग कॅनबेराचा प्रशिक्षक म्हणून यश का आलं नाही?

हाच तो पाच वर्षांचा काळ. १९९४ला निवृत्ती, आणि आधीचा प्रशिक्षक टिम शीन्स गेल्यावर १९९७ला थेट कॅनबेराचं मुख्य प्रशिक्षकपद. तीन वेळा संघ बाद फेरीत गेला, अंतिम सामन्यात एकदाही नाही. २००१च्या हंगामानंतर तो बाजूला झाला.

कारणं सांगताना लोक पटकन म्हणतात की मोठे खेळाडू चांगले प्रशिक्षक होत नाहीत. मला हे उत्तर आळशी वाटतं. १९९७ साली ऑस्ट्रेलियात हा खेळच दुभंगला होता, दोन समांतर स्पर्धा चालू होत्या. संघातले मोठे मोहरे कालपर्यंतचे त्याचे सोबती होते. ज्याच्या शेजारी बसून बूट बांधले त्याला ‘आता तू संघात नाहीस’ असं सांगणं सोपं नसतं. १९९८नंतर रिकी स्टुअर्ट आणि ब्रॅडली क्लाइड कँटरबरीला गेले, लॉरी डेली २०००मध्ये थांबला. म्हणजे एक पिढी मावळताना आणि दुसरी तयार नसताना हा माणूस तिथे होता, तोही आधी कुठेही मुख्य प्रशिक्षक म्हणून काम न करता.

पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे क्लबचा प्रशिक्षक आणि राज्याचा किंवा देशाचा प्रशिक्षक ही दोन वेगळी कामं आहेत. क्लबमध्ये वर्षभर रोज सकाळी सराव, दुखापती, करार, पगाराची मर्यादा, तेच तेच डावपेच घासून घासून बसवणं. राज्याच्या संघात माणसं आधीच तयार असतात. हातात जेमतेम आठवड्या-दहा दिवसांचं शिबिर, आणि तेवढ्यात एरवी एकमेकांच्या विरुद्ध खेळणाऱ्यांना एक करायचं. पहिल्या कामाला घड्याळ लागतं, दुसऱ्याला माणूस लागतो. मेनिंगा दुसऱ्या कामासाठी जन्मला होता, आणि ते कळायला त्याला पहिल्या कामात पाच वर्षं घालवावी लागली.

निवडणुकीचा तो किस्सा काय आहे?

२००१मध्ये त्याने कॅनबेराच्या विधानसभेसाठी अपक्ष म्हणून उभं राहायचं ठरवलं. रेडिओवर पहिलीच मुलाखत. उमेदवारी का, या प्रश्नाचं उत्तर देता देता अडखळला आणि मिनिटभरही झालं नसेल तोच माघार घेत असल्याचं सांगून मोकळा झाला. ऑस्ट्रेलियात हे ध्वनिमुद्रण अजूनही वाजवतात. मला त्यात एक सरळपणा दिसतो: जमणार नाही हे कळल्यावर त्याने ते तिथल्या तिथे सांगितलं.

क्वीन्सलँडच्या आठ मालिका कशा आल्या?

२००३, २००४, २००५ अशा सलग तीन ओरिजिन मालिका (प्रत्येकी तीन सामन्यांच्या) न्यू साउथ वेल्सने जिंकल्या होत्या. २००६ला मेनिंगा प्रशिक्षक म्हणून आला, आणि पहिला सामना सिडनीत एका गुणाने गेला, १६-१७. ओरड सुरू झाली. ब्रिस्बेनमधला दुसरा सामना क्वीन्सलँडने ३०-६ने घेतला. तिसरा मेलबर्नला.

त्या तिसऱ्या सामन्यात शेवटचा टप्पा आला तरी न्यू साउथ वेल्स १४-४ने पुढे होतं. मग ब्रेंट टेटच्या ट्रायने अंतर चार गुणांवर आलं. काही मिनिटांनी न्यू साउथ वेल्सच्या ब्रेट हॉजसनने स्वतःच्याच गोलरेषेजवळून दिलेला पास कुणाच्याच हाती गेला नाही. चेंडू गवतावर उड्या मारत होता आणि क्वीन्सलँडचा कर्णधार डॅरेन लॉकियर तिथे पोहोचला. उचलला, टेकवला. १६-१४. पुढच्या आठ वर्षांची वाट त्या एका सुटलेल्या चेंडूपासून सुरू झाली.

२००६ ते २०१३, आठ मालिका ओळीने. त्यात २०१०ला तिन्ही सामने. २०११ला लॉकियर निवृत्त झाला तेव्हा वाटलं आता गाडी थांबणार. २०१२ला त्या जागी आलेल्या कूपर क्रॉंकने निर्णायक सामन्यात लांबून ड्रॉप गोल मारला आणि क्वीन्सलँड २१-२०ने जिंकलं. २०१४ची मालिका हातची गेली. २०१५ला परत मिळवली, शेवटचा सामना तब्बल ५२-६ने, आणि मेनिंगाने निरोप घेतला. दहा वर्षांत ३० सामने, २० विजय, १० पराभव.

एका सामन्यात खराब खेळला म्हणून खेळाडूला काढायचं नाही, हे या संघाचं धोरण त्या दहा वर्षांत ठळक होतं. जुन्या मरून जर्सीवाल्यांनाही त्याने जवळ आणलं. अ‍ॅलन लँगर, ट्रेव्हर गिलमिस्टर अशी माणसं सहकारी म्हणून शिबिरात असायची. नव्या पोराला जर्सीचा अर्थ फळ्यावर लिहून सांगावा लागत नसे, ती घालून खेळलेला माणूस शेजारी बसलेला असे.

पण स्मिथ, स्लेटर, थर्स्टन, इंग्लिस असताना कुणीही जिंकलं नसतं का?

हा प्रश्न रास्त आहे. कॅमेरॉन स्मिथ, बिली स्लेटर, जोनाथन थर्स्टन, ग्रेग इंग्लिस आणि लॉकियर एका संघात असणं हे नशीबच. पण क्रेग बेलामीचं उदाहरण पाहा. मेलबर्न स्टॉर्मचा हा प्रशिक्षक बारकाव्यांत आणि शिस्तीत आज कुणाच्याही मागे नाही. कॅनबेराला तो मेनिंगाचा सहखेळाडू होता. स्मिथ, स्लेटर आणि क्रॉंक त्याच्याच हाताखाली घडले. हाच बेलामी २००८ ते २०१० अशी तीन वर्षं न्यू साउथ वेल्सचा प्रशिक्षक होता, आणि तिन्ही मालिका हरला; ज्यांना वर्षभर घडवलं त्याच पोरांकडून.

बेलामी कमी आणि मेनिंगा थोर, असा याचा अर्थ मी लावणार नाही. बेलामीला क्लब सांभाळताना पाहिलं की मेनिंगाचं क्लबमधलं अपयश कळतं, आणि बेलामीला राज्याच्या संघासोबत पाहिलं की मेनिंगाचं यश.

त्याच्यावर टीका कशाबद्दल झाली?

मुख्यतः तोंडामुळे, किंवा नेमकं सांगायचं तर लेखणीमुळे. २०११ची मालिका जिंकल्यावर वर्तमानपत्रातल्या स्तंभात त्याने न्यू साउथ वेल्सच्या लोकांबद्दल फार जहरी शब्द वापरले. विजयानंतर तसं लिहायची गरज नव्हती, आणि त्याच्या चाहत्यांनाही ते खटकलं. ‘आपण विरुद्ध ते’ ही भावना संघ बांधायला उपयोगी पडते, पण तीच ताब्यात ठेवली नाही की असं होतं.

ऑस्ट्रेलियाचा प्रशिक्षक म्हणून कामगिरी कशी होती?

डिसेंबर २०१५ला नेमणूक. २०१७चा विश्वचषक ब्रिस्बेनमध्ये इंग्लंडला ६-०ने हरवून घेतला. अंतिम सामन्यात एकच ट्राय, बॉइड कॉर्डनरचा. पुढचा विश्वचषक कोरोनामुळे २०२१ऐवजी २०२२ला झाला. ओल्ड ट्रॅफर्डवर सामोआला ३०-१०. कर्णधार म्हणून जिथे तो शेवटच्या मिनिटाला धावला होता त्याच मैदानावर.

धक्केही बसले. २०१९मध्ये ऑकलंडला टोंगाने १६-१२ने हरवलं. छोट्याशा बेटांच्या देशासाठी तो सणच होता, आणि या खेळासाठीही ती चांगली गोष्ट झाली. २०२३ला हॅमिल्टनमध्ये न्यूझीलंडने ३०-०ने धुतलं. त्यानंतर पदावरून जाण्याची चर्चा झाली. तो राहिला, आणि २०२४ला पॅसिफिक चॅम्पियनशिपच्या अंतिम सामन्यात टोंगाला २०-१४ने हरवलं.

‘इमॉर्टल’ हा काय प्रकार आहे?

ऑस्ट्रेलियन रग्बी लीगमधला सर्वोच्च मान. यादी मुद्दाम छोटी ठेवलेली. १९८१ला चार नावांनी सुरुवात झाली. १ ऑगस्ट २०१८ रोजी मेनिंगा तेरावा ठरला. हा मान खेळाडू म्हणून केलेल्या कामगिरीसाठी असतो, प्रशिक्षकपद त्यात मोजत नाहीत.

ब्रिस्बेनमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाने ओरिजिन पाहायचं तर कसं?

सामने साधारण मे अखेरीपासून जुलैपर्यंत, बुधवारी रात्री. लँग पार्क आता सनकॉर्प स्टेडियम या नावाने ओळखलं जातं. तिकीट मिळालं तर उत्तम. नाही मिळालं तर संध्याकाळी कॅक्स्टन स्ट्रीटवरून नुसती चक्कर मारा, निळी जर्सी टाळून. अख्खा रस्ता मरून झालेला असतो. जुलैतली ब्रिस्बेनची रात्र बऱ्यापैकी गार असते, स्वेटर विसरू नका. घरी पाहणार असाल तर आधी वरचे नियम वाचून घ्या. पहिली वीस मिनिटं गोंधळ वाटेल, मग सहा टॅकलचा ठेका आपोआप कळू लागतो.

तो आता काय करतो?

२०२५मध्ये ऑस्ट्रेलियाचं प्रशिक्षकपद सोडून त्याने पर्थ बेअर्सचं मुख्य प्रशिक्षकपद घेतलं. त्याच्या जागी केव्हिन वॉल्टर्स आला. बेअर्स म्हणजे सिडनीच्या उत्तर भागातला १९०८पासूनचा जुना क्लब, जो १९९९नंतर सर्वोच्च स्पर्धेतून गेला. त्याचं नाव आणि रंग घेऊन पश्चिम किनाऱ्यावर नवा संघ उभा राहतोय, २०२७पासून खेळण्यासाठी.

म्हणजे जे काम २००१ला अर्धवट राहिलं होतं तिथेच तो वयाच्या पासष्टीत परत गेला आहे: क्लब, रोजचा सराव, करार, पगाराची मर्यादा. मला धाकधूक वाटते, कारण वर जे लिहिलं त्यावर माझा विश्वास आहे. पण पर्थमध्ये एक फरक आहे. तिथे मावळणारी पिढी नाही, कालचे सोबती नाहीत, संघच नाही. वेगवेगळ्या क्लबांतून, वेगवेगळ्या देशांतून आलेल्या पंचवीस-तीस जणांना सिडनीपासून चार-पाच तासांच्या विमानप्रवासावरच्या शहरात एकत्र आणायचं आहे आणि तिथलं करून टाकायचं आहे. पहिला हंगाम तरी हे काम क्लबपेक्षा ओरिजिनच्या शिबिरासारखंच असेल. दुसऱ्या हंगामात काय होतं ते मी जास्त लक्ष देऊन पाहणार आहे.